घासलेला थालर

मित्रांनो, मी चांदीचा आहे आणि वयाने चारशेच्या आसपास. नेमके वर्ष माझ्या अंगावर कोरलेले होते. आता त्यातला शेवटचा आकडा नीट वाचता येत नाही. तो कसा गेला, तेच आज सांगायचे आहे. युरोपात एके काळी माझ्यासारख्या मोठ्या, तळहाताला जड लागणाऱ्या नाण्याला थालर म्हणत. मी तसलाच एक जुना थालर.

माझा जन्म डोंगरातल्या एका टाकसाळीत झाला. खाणीतली चांदी वितळवून तिच्या पट्ट्या ओतल्या गेल्या, त्या ठोकून पातळ केल्या गेल्या आणि कात्रीने गोल तुकडे कापले गेले. एक कामगार दोन ठशांच्या मध्ये तुकडा धरी, दुसरा घण घाली. घण घालणारा ठार बहिरा होता. त्या टाकसाळीत चार वर्षे काढली की सगळेच बहिरे होत, त्यामुळे तिथे भांडणे फार कमी होत असत. एकाच घावात मी तुकड्याचा थालर झालो. एका अंगावर जाड गळपट्टी घातलेला दाढीवाला सरदार उमटला, दुसऱ्या अंगावर ढाल धरून उभे राहिलेले अस्वल. सरदाराच्या ठशाला त्या दिवशी तडा गेला होता. म्हणून त्याच्या गळ्यावरून एक बारीक रेघ आरपार गेली आहे. मुकादमाच्या ते ध्यानात आले आणि त्याने ठसा मोडीत काढला. त्या वर्षाचे आम्ही रेघवाले थालर मोजकेच निघालो. तेव्हा ती खोट होती. पुढे तिलाच लोक दुर्मीळ म्हणू लागले.

मग मी पुष्कळ फिरलो. माझ्या बदल्यात एक म्हातारी घोडी विकली गेली, बुटांचे दोन जोड शिवले गेले, एका सुईणीची ओंजळ भरली. खरा आहे की खोटा हे पाहायला लोक मला दाताने चावत. मग लढाई आली. एका कातडी कमावणाऱ्याने मला चाळीस भावंडांसह मातीच्या भांड्यात घातले, उंबऱ्याखाली पुरले आणि तो निघून गेला. तो परत आला नाही.

मातीत दोनशेहून अधिक वर्षे गेली. तिथे दिवस नसतात, त्यामुळे त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखे काही नाही. एवढेच, की मातीतली ओल आणि माझी चांदी यांनी मिळून माझ्यावर सावकाश एक थर चढवला. मधोमध काळसर निळा, कडेला चहाच्या रंगाचा. गटार खणणाऱ्या मजुरांनी मला वर काढले तेव्हा तो थर माझाच होऊन गेला होता. त्यानंतर मी दुकानांतून, कपाटांतून, या संग्राहकाकडून त्या संग्राहकाकडे जात राहिलो. आता मी काही विकत घेत नव्हतो, मीच विकत घेतला जात होतो. सवय व्हायला वेळ लागला नाही. नाण्याला कशाचीही सवय होते.

असा फिरत मी दादाच्या हाती आलो. दादा हे काही त्याचे नाव नव्हे. त्याची धाकटी बहीण त्याला तसे म्हणे आणि मी त्याला तिच्याच तोंडून ओळखतो. तो शहर बसच्या आगारात वेळापत्रके लिहिण्याचे काम करी. कोणती बस कुठून किती वाजता सुटते हे त्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. आगगाड्यांचे वेळापत्रक त्याला हौस म्हणून पाठ होते. लग्न केलेले नव्हते. हौस आणखी एकच होती. माझ्या टाकसाळीतले चांदीचे थालर तो गोळा करी. दाढीवाल्या सरदाराच्या नावाने सात वर्षे नाणी पाडली गेली. त्यांपैकी सहा वर्षांची त्याच्याकडे होती. सातव्यासाठी, म्हणजे माझ्यासाठी, त्याने चौदा वर्षे याद्या चाळल्या होत्या.

मी एका लिलावात निघालो. लिलाव होता तीन तासांच्या अंतरावरच्या दुसऱ्या शहरात. त्याच आठवड्यात दादाच्या बहिणीचा नवरा शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात होता. शस्त्रक्रिया नीट झाली होती, डॉक्टर निर्धास्त होते. "संध्याकाळपर्यंत येतो," असे बहिणीला सांगून दादा सकाळच्या गाडीने आला होता. हे सारे मला नंतर कळले. त्या दिवशी मी फक्त टेबलावर, नंबराच्या चिठ्ठीवर पडून होतो आणि दुसऱ्या रांगेत बसलेला एक बारीक माणूस माझ्याकडे पाहत होता.

माझा नंबर जवळजवळ शेवटचा होता. दुपारी सभागृहाचा कारकून एक घडी घातलेला कागद घेऊन त्या बारीक माणसापाशी गेला. माणसाने कागद वाचला, पुन्हा घडी घातली आणि घडीवरून नखाने दोनदा रेघ ओढली. शेजारी गळ्यात भिंग अडकवलेला त्याचा मित्र होता. तो वाकून काहीतरी बोलला. माणसाने मान हलवली आणि कागद कोटाच्या खिशात टाकला.

साडेपाचच्या सुमारास माझा नंबर पुकारला गेला. दादाने हात वर केला आणि खाली घेतलाच नाही. बाकीचे हात एकेक करून खाली गेले.

चौदा वर्षे शोधलेली वस्तू मिळाली की माणूस निदान एकदा तरी ती निरखून पाहतो. दादाने पाहिली नाही. त्याने मला कागदी पाकिटात घातले आणि त्याच खिशात टाकले. मी त्या घडीच्या कागदाला टेकून राहिलो. पाचची गाडी निघून गेली होती. त्यानंतरची गाडी एकदम पहाटेची.

सकाळी आम्ही रुग्णालयाच्या लांब बोळात उभे होतो. फिनेलचा वास येत होता आणि दूर कुणीतरी ढकलगाडी लोटत होते.

"पहाटे सव्वासहाला गेले," एक बाईचा आवाज म्हणाला. कुणी वेळ विचारली आणि सांगितली, तसा सरळ आवाज. ती त्याची बहीण होती.

ढकलगाडी जवळ येऊन पुढे गेली.

"निरोप मिळाला नाही का तुला? मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा तिथल्या माणसाने लिहून घेतलं, देतो म्हणाला. दुसऱ्यांदा कुणी उचललाच नाही."

त्याचा हात खिशात आला. त्याने मला आणि त्या कागदाला एकाच मुठीत धरले.

"नाही," तो म्हणाला. "नाही मिळाला."

"रात्री अकरापर्यंत शुद्धीवर होते. सारखं विचारत होते, दादा आला का, दादा आला का. तुला काहीतरी सांगायचं होतं त्यांना."

"काय?"

"ते मला नाही सांगितलं. म्हणाले, त्यालाच सांगतो."

मूठ घट्ट झाली. मी चांदीचा आहे, मला दुखत नाही. कागद मात्र चुरगळला.

बहीण कवळ्या करण्याचे काम करीत असे. तळमजल्यावर कारखाना आणि वर राहायच्या दोन खोल्या. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात; तिचे पोट मात्र दातांवरच चालले होते. शहरातले निम्मे दंतवैद्य तिच्याकडून काम करून घेत. आळीत तिला दातवाल्या बाई म्हणत; मीही पुढे तिला बाईच म्हणतो. नवरा गेल्यावर महिन्याभरात दादा तिच्याकडे राहायला आला. "एकटी कशी राहशील, बारके?" एवढेच तो म्हणाला. तिने जागा करून दिली. दोन बॅगा आणि उथळ खणांचे एक लाकडी कपाट, एवढाच त्याचा संसार होता.

कपाटाच्या प्रत्येक खणात मखमलीत गोल खळगे होते. प्रत्येक खळग्यात एक नाणे आणि नाण्याखाली एक गोल चिठ्ठी. चिठ्ठीवर दादाच्या मुंगीएवढ्या अक्षरांत नाण्याची हकीकत. माझी चिठ्ठी करायची वेळ आली तेव्हा त्याने नवा कागद घेतला नाही. खिशातला तो चुरगळलेला कागद सरळ केला, नाणे ठेवून पेन्सिलीने गोल काढला, कात्रीने कापला. कोऱ्या बाजूवर माझी हकीकत लिहिली, लिहिलेली बाजू खाली केली आणि तिच्यावर मला ठेवले. अगदी खालच्या खणात.

तिथे मी बारा वर्षे होतो. दर रविवारी त्याचा तो भिंगवाला मित्र येई. पोस्टाच्या जिन्याखाली त्याचे जुन्या नाण्यांचे आणि तिकिटांचे दुकान होते. दोघे वरचे खण काढत, एकेक नाणे कडेला धरून उजेडाकडे फिरवत, रेघांवरून वाद घालत. शेवटी बाई येत. "झालं का तुमचं चकत्यांचं? चहा निवतोय." खालचा खण कधी उघडला गेला नाही. माझी स्तुती मी ऐकली ती बंद लाकडाआडून, आणि तीही एकदाच. भिंगवाले म्हणाले, "तो रेघवाला काढ ना एकदा." दादा म्हणाला, "तो पाहण्यासाठी नाही."

निवृत्त झाल्यावर दादा कारखान्यात हाताखाली काम करू लागला. प्लास्टर कालवायचा, साचे भरायचा, तयार कवळ्या डब्यात घालून दंतवैद्यांकडे पोचवायचा. एकदाही त्याला उशीर झाला नाही. दंतवैद्य घड्याळ लावत त्याच्यावर. बहीण एकदा हसून म्हणालीही, "दादा, कवळी आहे ती, हृदय नव्हे. दहा मिनिटं इकडेतिकडे चालतील." तो हसला नाही.

एका बुधवारी दुपारी डब्याला दोरी बांधता बांधता तो गेला. बाई पलीकडे मेण तापवत होत्या. दोरीचे टोक त्याच्या बोटातच राहिले होते.

त्यानंतर बाईंनी सगळे काही जिथल्या तिथे केले. ज्यांना कळवायचे त्यांना कळवले, दादाचे कपडे देऊन टाकले, तो डबासुद्धा त्याच दिवशी स्वतः नेऊन दिला. शेजारणी म्हणाल्या, "रडून मोकळ्या व्हा, बाई." त्या "हो" म्हणाल्या आणि खाली कामाला गेल्या. मी खणातून ऐकत होतो. कवळ्यांना कापडी चाकाने झिलई देणारी मोटर नेहमीच्या वेळेला सुरू होई, नेहमीच्या वेळेला बंद होई. जेवणाचे ताट एक झाले होते, एवढाच फरक. दात काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतात आणि ओठ आपला राहत नाही, तसे काहीतरी बाईंचे झाले असावे. त्या अवस्थेत माणूस स्वतःचाच ओठ चावतो आणि त्याला पत्ता लागत नाही.

तीन आठवड्यांनी भिंगवाल्यांचा निरोप आला. रविवारी येतो, संग्रह पाहू, शहराच्या संग्रहालयाशी बोलून ठेवले आहे. शनिवारी दुपारी बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा ते कपाट उघडले. खुर्ची ओढून बसल्या. बसलेल्या माणसाला खालचाच खण जवळ पडतो.

त्यांनी मला उचलले. नेमके पहिल्यांदा मलाच. अंगठा फिरवला.

"एवढा जीव टाकला यांच्यावर," त्या स्वतःशी म्हणाल्या, "आणि साधं पुसलंसुद्धा नाही कधी."

पाहुणा येणार आणि घरातली भांडी काळी, हे त्यांना पटण्यासारखे नव्हते. त्यांनी खणातली अकरा नाणी रुमालात घेतली. चिठ्ठ्या न वाचता एकावर एक रचल्या, उडू नयेत म्हणून वर प्लास्टरचा एक जबडा ठेवला. खाली जाऊन मोटर लावली.

मित्रांनो, त्या कापडी चाकाबद्दल मला वाईट बोलायचे नाही. त्याने शेकडो माणसांना गुळगुळीत दात दिले. बाईंनी त्याला पेस्ट लावली आणि मला दोन्ही बोटांनी धरून टेकवले. मी तापलो. आधी कडेचा चहाचा रंग गेला, मग निळा. सरदाराच्या दाढीतले केस गेले. अस्वलाचे नखे असलेले पंजे गुळगुळीत झाले. वर्षाचा शेवटचा आकडा वितळल्यासारखा झाला. दोनशे वर्षांचे काम चार मिनिटांत उतरले. मला वाईट वाटायला हवे होते. काही वाटले नाही. मी चकचकीत झालो आणि आतून गप्प झालो, एवढेच सांगता येईल. बाईंच्या चेहऱ्यावरही काही नव्हते. त्यांनी मला फडक्यावर ठेवले आणि दुसरा उचलला.

अकरा नाणी घासून झाल्यावर एका दंतवैद्याचा फोन आला, कुणाची तरी वरची कवळी तुटली होती. म्हणून बाकीचे खण वाचले.

रविवारी भिंगवाले आले. बाई म्हणाल्या, "खालचा खण साफ करून ठेवलाय. बाकीचे सवडीने करते."

भिंगवाल्यांनी खण ओढला. भिंग डोळ्याला लावावे लागले नाही.

"कशाने केलंत हे?"

"मोटरवर. नेहमीची पेस्ट. का, रेघा राहिल्यात का कुठे?"

"नाही," ते म्हणाले. "काहीच राहिलेलं नाही."

ते खुर्चीत बसले. थोड्या वेळाने त्यांनी हळूहळू समजावून सांगितले. "ताई, तो काळा थर म्हणजे मळ नव्हे. नाण्याची कातडी असते ती. तीच पाहून कळतं, नाणं कुठे होतं, किती वर्षं होतं. माहीतगार माणूस ती कधी काढत नाही."

"परत येत नाही?"

"येते. शंभर-दीडशे वर्षांत थोडीफार. पण नक्षी गेली ती गेली."

"म्हणजे मी नासवली."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"विचारलं असतं तर ठाऊक झालं असतं," बाई म्हणाल्या. आवाज तोच, सरळ. "अकरा आहेत. चिठ्ठ्या नीट ठेवल्यात."

चिठ्ठ्या पुन्हा ज्याच्या त्याच्याखाली लावायच्या म्हणून भिंगवाले एकेक मोठ्याने वाचू लागले. माझी आली. "सातवा. ठशाला तडा, गळ्यावर रेघ. थर उत्तम, तसाच ठेवावा. घासू नये." मग ते थांबले. कागद निराळा होता, जाडसर, आणि मागची शाई फुटून पुढे आली होती. त्यांनी तो उलटून पाहिला आणि पटकन पुन्हा सरळ केला.

"काय आहे मागे?"

"काही नाही. जुना कागद वापरलाय."

"बघू."

त्यांनी दिला. बाईंनी चष्मा लावला. कारकुनाच्या तिरक्या अक्षरात तिथे लिहिले होते: *३.१०. बहिणीचा फोन. मेहुणे गंभीर. लगेच निघा.*

बाईंनी तो तीनदा वाचला असेल.

"निरोप मिळाला होता तर."

"हो."

"तुम्ही होतात तिथे?"

"शेजारीच बसलो होतो."

"पाचला गाडी होती."

"होती."

"त्याला तर पाठ होतं सगळं."

"मी म्हटलं त्याला, तू जा, तुझ्यासाठी बोली मी लावतो. तो म्हणाला, तुझा हात लवकर खाली येतो."

"येतो का?"

"येतो," भिंगवाले म्हणाले. "ते त्याने खरंच सांगितलं."

बाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि तळव्याने सपाट केला. "आणि बारा वर्षं तुम्ही माझ्याकडे चहा प्यालात."

"प्यालो."

"सांगायला नको होतं?"

"हवं होतं. आधी वाटलं, तो सांगेल. मग वाटलं, आता उशीर झाला. मग तुमचं दोघांचं नीट चाललेलं दिसलं."

बाई उठल्या आणि त्यांनी चहा टाकला, दोन कप. का टाकला, हे त्यांनाही सांगता आले नसते. दोघांनी तो प्यायला.

पुढचे दहा दिवस कारखान्यातली मोटर पुन्हा वेळेवर चालू-बंद होत राहिली. अकराव्या दिवशी बाईंनी मला पर्समध्ये टाकले, दाराला कुलूप लावले आणि सकाळच्या गाडीने त्या दुसऱ्या शहराला गेल्या. तिथे त्यांनी काही पाहिले नाही. लिलावाचे सभागृह विचारत विचारत शोधले. आता तिथे फर्निचरचे दुकान होते. साडेतीनपर्यंत त्या समोरच्या बाकावर बसल्या. मग चालत स्टेशनात गेल्या आणि पाचच्या गाडीत बसल्या.

गाडी वेळेवर होती. आठला आपल्या शहरात उतरल्या, रुग्णालयाकडे चालत निघाल्या. धावल्या नाहीत, रेंगाळल्याही नाहीत. फाटकापाशी उभ्या राहून त्यांनी घड्याळ पाहिले.

"साडेआठ," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "अकरापर्यंत अडीच तास मिळाले असते."

पहारेकऱ्याने विचारले, "कुणाला भेटायचंय, बाई? भेटायची वेळ संपली."

"हो," त्या म्हणाल्या. "माहीत आहे."

मग त्यांच्या घशातून एक आवाज आला. तो रडण्याचा होता की नुसता खोकला, हे मला पर्समधून सांगता येणार नाही. पहारेकऱ्याने त्यांना आपली खुर्ची दिली. त्या तिच्यावर बराच वेळ बसून राहिल्या, एवढे खरे.

त्यानंतर त्यांनी संग्रहालयाला होकार कळवला. तिथल्या अधिकारी बाई आल्या, पांढरे हातमोजे घालून एकेक खण पाहिला, फार आनंदल्या. अकरा नाण्यांपाशी त्या अडखळल्या.

"ही आम्हाला मांडता येणार नाहीत. घासलेली आहेत."

"दहा नका मांडू," बाई म्हणाल्या. "हा एक मांडा. याच्याशिवाय सात पुरे होत नाहीत. भावाने यासाठी फार मोजलंय."

"पण लोक विचारतील, हाच एक चकचकीत कसा."

"मग लिहा ना खाली. घासला म्हणून."

"तुमची हरकत नाही?"

"माझी कसली हरकत? मीच घासलाय."

अधिकारी बाईंना नाण्यांबरोबर सगळ्या मूळ चिठ्ठ्याही हव्या होत्या. माझी चिठ्ठी बाईंनी दिली नाही. त्यांनी दुसरा कागद घेतला आणि दादाची हकीकत आपल्या मोठ्या, गोल अक्षरात उतरवली. रेघ, तडा, सातवा, सगळे. "घासू नये" हेही उतरवले. आणि त्याखाली स्वतःचे म्हणून लिहिले: "घासला. बहीण." मूळ चिठ्ठीचे त्यांनी काय केले, ते मला माहीत नाही. जाळली असेल, नाहीतर कुठेतरी ठेवली असेल. त्यांनी दादाला माफ केले का, हेही माहीत नाही. संग्रहाला दादाचे नाव द्यायचे का असे विचारल्यावर त्या "द्या" म्हणाल्या होत्या, तेवढे ऐकले आहे.

आता मी काचेखाली असतो. डावीकडे सहा काळसर भावंडे, आणि शेवटी मी, नव्या चमच्यासारखा. शाळांच्या सहली येतात. तुम्हीही त्यांतल्याच कुणी असाल. सगळ्यांची नजर आधी माझ्यावरच जाते, आणि मग शिक्षक सांगतात की सातांतले सगळ्यात खराब नाणे हेच आहे. मुलांना ते पटत नाही.

मागच्या महिन्यात एका सहलीच्या घोळक्यात बाई उभ्या होत्या. सांगून आल्या नव्हत्या. हातावर प्लास्टरची पांढरी भुकटी तशीच होती, म्हणजे कामातून उठून आल्या असाव्यात. एका मुलीने खालची चिठ्ठी वाचली आणि बाईंना, त्या कोण हे ठाऊक नसताना, विचारले, "आजी, या बहिणीने का घासला असेल?"

"तिला वाटलं, खराब झालाय."

"मग तिला कुणी सांगितलं नाही?"

"लिहून ठेवलं होतं भावाने. तिने वाचलं नाही." बाईंनी काचेवर बोट टेकवले, मग ते पुसून घेतले. "आणि भावालाही एकाने लिहून दिलं होतं. त्याने वाचलं, पण ऐकलं नाही."

मुलीला ते नीट कळले नाही. ती म्हणाली, "दोघंही एकसारखीच."

बाईंनी हातावरची भुकटी झटकली. मग म्हणाल्या, "हो. भावंडंच ती."

मित्रांनो, आम्ही वस्तू आहोत. आम्हाला फारसे काही लागत नाही. जुनी वस्तू हाती आली तर तिला घासू नका, कोरडी ठेवा, कडेने धरा आणि हात लावण्याआधी जाणत्या माणसाला विचारा. एवढे केलेत तरी आमची काळजी घेतल्यासारखे होईल. आमच्यासाठी थांबू मात्र नका. आम्ही कुठे जात नाही. आज चुकलो तर उद्या दुसऱ्या कुणाच्या टेबलावर सापडू. घरातून कुणी बोलावले आहे असे कळले, तर आम्हाला तिथेच सोडा आणि निघा.